फुल रेंज, तरी फोन लागेना!

आषाढी एकादशी. पंढरपूर. चंद्रभागेच्या वाळवंटात पाय ठेवायला जागा नाही. कुणाचा तरी दादा दर्शनाच्या रांगेत अडकलाय, आई-बाबा नामदेव पायरीपाशी त्याची वाट बघतायत. हातात फोन आहे, फोनवर रेंजच्या साऱ्या काड्या ताठ उभ्या आहेत. कॉल केला की मात्र टुंग, टुंग, टुंग. नाहीतर ती ओळखीची ताई बोलते, सर्व लाइन्स व्यस्त आहेत म्हणून. पुन्हा लावा, पुन्हा तेच. बाबा फोनकडे असे बघतात, जणू काही त्यानंच मुद्दाम केलंय!

फोन बिचारा निर्दोष आहे. काड्यासुद्धा खोटं बोलत नाहीत, फक्त त्यांना विचारलंय एक आणि आपण समजतो दुसरंच. टॉवर चोवीस तास काही ना काही बोलत असतो: मी अमुक कंपनीचा, माझा नंबर तमुक, माझे नियम असे असे. ही बडबड आपल्या फोनला किती जोरात ऐकू येते, तेवढंच त्या काड्या सांगतात. टॉवरकडे तुमच्यासाठी जागा शिल्लक आहे का, हे काड्यांना कुणी विचारलेलंच नाही. म्हणून टॉवरच्या अगदी पायथ्याशी उभं राहूनही कॉल न लागणं यात काहीच अजब नाही.

मग जागा आहे की नाही, हे ठरवतं कोण? टॉवरच. आणि तेही एका सेकंदाच्या छोट्याशा तुकड्यात, दर वेळी, प्रत्येक फोनसाठी. कसं, ते बघू या.

कॉल करायचा तर फोनला आधी टॉवरचं लक्ष वेधून घ्यावं लागतं. आता गंमत बघा. दोन फोन एकदम ओरडले तर गोंधळ होणार, म्हणून परवानगी घेऊन बोलावं म्हटलं, तर परवानगी मागायलाही ओरडावंच लागणार! या पेचातून सुटायला ४जीमध्ये एक युक्ती केली आहे. प्रत्येक टॉवरकडे ६४ हाका ठरलेल्या असतात. हाक म्हणजे शब्द नव्हेत, रेडिओलहरींचा एक छोटासा ठरावीक नमुना. फोन त्यातली एक हाक डोळे मिटून उचलतो आणि टॉवरनं नेमून दिलेल्या क्षणी सोडून देतो. वेगवेगळ्या हाका एकाच वेळी आल्या तरी टॉवरला त्या निरनिराळ्या ओळखता येतात. समजा, त्याला १७ नंबरची हाक ऐकू आली. तो म्हणतो, “१७ नंबर, पुढे बोल.”

आणि दोन फोनांनी नेमकी १७ नंबरचीच हाक उचलली असेल तर? दोघांनाही वाटतं, आपल्यालाच बोलावलं! दोघंही एकदम आपापली ओळख सांगायला लागतात. टॉवरला बहुतेक वेळा काहीच धड कळत नाही. कधी एकाची ओळख स्पष्ट आली, तर टॉवर ती ओळख जाहीर करतो. दुसरा फोन ती ऐकतो, हे आपलं नाव नव्हे हे त्याला समजतं, आणि तो मुकाट्यानं मागे फिरतो. मग थोडा वेळ थांबून पुन्हा नवी हाक. किती वेळ थांबायचं, हेही तो चिठ्ठी काढल्यासारखं आपलं आपण ठरवतो. टॉवरपर्यंत हाक पोचलीच नाही असं त्याला वाटलं, तर पुढची हाक किंचित मोठ्यानं मारतो.

तुम्ही म्हणाल, ६४ म्हणजे पुष्कळ झाल्या की. दहा फोन असले तरी टक्कर कशाला होईल? करूनच बघा. पत्त्यांचा कॅट घ्या, जोकर बाजूला काढा, म्हणजे ५२ पानं राहतील. पान ओढा, वहीत लिहा, परत कॅटमध्ये घाला, पिसा. असं दहा वेळा करा. त्या दहांत एखादं पान दोनदा आलं का? हा खेळ पुष्कळदा खेळलात तर साधारण दहापैकी सहा डावांत पान दोनदा आलेलं दिसेल! ६४ हाका धरल्या तरीही दहा फोनांच्या निम्म्याहून थोड्या जास्त डावांत कुठली तरी टक्कर होतेच. आणि पंढरपुरात एका टॉवरखाली दहा नाही, हजारो फोन असतात. त्यातून ६४ पैकी काही हाका शेजारच्या टॉवरवरून बोलत बोलत येणाऱ्या फोनांसाठी राखून ठेवलेल्या असतात. ते का, ते थोडं पुढे.

“सगळ्यांनी वाटेल तेव्हा बोला, टक्कर झाली तर थोडं थांबा आणि पुन्हा बोला” ही कल्पना मूळची हवाई बेटांवरची. प्रशांत महासागरात ती बेटं विखुरलेली. हवाई विद्यापीठातल्या नॉर्मन अब्रॅम्सन यांना (त्यांना लाटांवर फळी घेऊन घसरायचा भारी नाद!) वेगवेगळ्या बेटांवरच्या माणसांना विद्यापीठाचा मुख्य कॉम्प्युटर रेडिओवरून वापरता यायला हवा होता. १९७१ साली त्यांचं हे जाळं सुरू झालं. नाव ठेवलं अलोहानेट. अब्रॅम्सन यांनी गणित मांडलं तेव्हा कळलं, की वाटेल तेव्हा बोलू दिलं तर वेळेचा जेमतेम १८ टक्के भागच कामी येतो, बाकीचा टकरींत नाहीतर शांततेत वाया जातो. पुढे लक्षात आलं, की घड्याळाच्या ठोक्यावरच बोलायला सुरुवात करा असा एकच नियम लावला, तर हे प्रमाण बरोबर दुप्पट होतं. तुमचा फोन आज ठरलेल्या क्षणीच हाक मारतो, तो याच शहाणपणामुळे.

बरं, हाक पोचली, ओळख पटली. आता खरी परीक्षा. आत घ्यायचं की नाही?

इथं जुन्या २जीचा हिशेब घेऊ, कारण तो बोटांवर मोजता येतो. २जीमध्ये एक रेडिओलहर आठ फोनांत वाटली जाते. प्रत्येकाला अर्ध्या मिलिसेकंदाहून जरासा मोठा तुकडा मिळतो, आठांची फेरी संपली की पुन्हा पहिला. सेकंदाला अशा सुमारे २१७ फेऱ्या होतात, त्यामुळे आपल्याला वाटतं बोलणं सलग चाललंय. आठपैकी एक तुकडा टॉवरच्या सूचना आणि हाका यांच्यासाठी जातो. उरले सात. म्हणजे एका वेळी सात जणांच्या बोलण्यासाठी सात वाटा. आठवा आला तर त्याला “नाही” ऐकावं लागणार.

आता कोडं. प्रत्येक जण सरासरी तीन मिनिटं बोलतो असं धरा. सात वाटांवरून तासाभरात किती कॉल होतील? एका वाटेवर तासाला वीस, म्हणून सात वाटांवर १४०. पाढे पाठ असलेलं कुणीही सांगेल. पण १४० जणांनी खरंच फोन केले, तर त्यातल्या कितीतरी जणांना टुंग टुंग ऐकावं लागेल. शंभरातल्या फार तर दोघांनाच नकार मिळावा असं ठरवलं, तर तासाला फक्त ५९ कॉल झेपतात. एकशे चाळीस नाही, एकोणसाठ! सात वाटांपैकी सरासरी तीनच भरलेल्या, चार रिकाम्या, आणि तरीही अधूनमधून कुणाला तरी जागा नाही. विश्वास बसत नाही ना?

हे कोडं मोबाइलपेक्षा पुष्कळ जुनं आहे, आणि ते सोडवणारा माणूस डेन्मार्कचा. अग्नर क्रारुप एरलांग, जन्म १८७८. गणिताचा शिक्षक होता. १९०८ साली तो कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरीला लागला. तेव्हा फोन म्हणजे तारा आणि त्या जोडायला बसलेली माणसं. तारा किती टाकाव्यात? कमी टाकल्या तर गिऱ्हाईक ओरडणार, जास्त टाकल्या तर पैसे मातीत. एरलांग नुसता खुर्चीत बसून गणितं करणाऱ्यांतला नव्हता. तारांमधल्या विजेची मोजमापं घ्यायला तो शिडी घेतलेल्या एका मजुराला बरोबर घेऊन कोपनहेगनच्या रस्त्यांवरून हिंडायचा आणि स्वतः मॅनहोलमध्ये उतरायचा. मला हा गणिती फार आवडतो.

१९०९ मध्ये त्याचा पहिला लेख आला आणि १९१७ मध्ये ते प्रसिद्ध सूत्र. त्याला कळलेली गोष्ट ऐकायला साधी वाटते: माणसं फोन करताना एकमेकांना विचारून करत नाहीत. कधी पाच मिनिटांत एकही कॉल नाही, कधी एका मिनिटात नऊ. रिकाम्या गेलेल्या पाच मिनिटांतली जागा डब्यात भरून ठेवून गर्दीच्या मिनिटाला वापरता येत नाही. म्हणून सरासरीनं पुरेल एवढी जागा कधीच पुरत नाही, मोकळी जागा हाताशी ठेवावीच लागते. किती ठेवायची, ते त्याचं सूत्र सांगतं.

त्याच सूत्रातून आणखी एक गंमत निघते. सातच्या चौदा वाटा केल्या तर कॉल किती झेपतील? दुप्पट, म्हणजे ११८? नाही, सुमारे १६४! जागा दुप्पट केली, काम जवळजवळ तिप्पट झालं. कारण एकीकडची गर्दी दुसरीकडच्या रिकाम्या जागेत सामावून जाते. सात-सातचे दोन वेगळे डबे करण्यापेक्षा चौदाचा एकच डबा बरा. आज जगभर फोनची वर्दळ ज्या एककात मोजतात, त्या एककाचं नाव एरलांगच आहे.

पण एरलांगचं सूत्र धरून चालतं, की ज्याला नकार मिळाला तो निमूटपणे निघून गेला. वारीत दादा हरवला असेल तर कुठले बाबा निमूट बसतील? ते पुन्हा लावणार, पुन्हा लावणार, शिवाय आईलाही लावायला सांगणार. म्हणजे नकार मिळाल्यानं मागण्या कमी होत नाहीत, उलट वाढतात! ३१ डिसेंबरला रात्री बाराच्या ठोक्याला हेच होतं. तिथं तर सगळे एकमेकांना विचारून केल्यासारखे एकाच मिनिटाला फोन उचलतात.

“मग टॉवरनं सगळ्यांनाच आत का घेऊ नये? थोडं थोडं वाटून घेतील,” असं कुणी तरी नक्की म्हणेल. लग्नातली पंगत आठवा. शंभर पानं मांडली आहेत. एकशे एकावा आला तर यजमान हात जोडून म्हणतात, “पुढच्या पंगतीला बसा.” त्याला थोडं वाईट वाटतं, पण चालतं. त्याऐवजी जेवणाऱ्या दोघांच्या मधे त्याला कोंबलं, तर तिघांचंही जेवण बिघडतं. आणि सगळ्यांत वाईट काय? कुणाला भरल्या ताटावरून उठवणं. बोलता बोलता कॉल तुटतो ना, तो कॉल ड्रॉप म्हणजे तेच. मुळात कॉल लागलाच नाही तर माणूस चिडतो, पण “ऐक, डॉक्टर म्हणाले की...” एवढ्यावर कॉल तुटला तर तो जास्त चिडतो. टॉवरची सगळी अक्कल या एका फरकाभोवती फिरते. आपल्या देशात ट्राय नावाची जी सरकारी संस्था फोन कंपन्यांवर लक्ष ठेवते, तिनंही कॉल तुटण्याला मर्यादा घातली आहे: शंभर कॉलमागे दोन.

आता त्या राखीव हाकांकडे येऊ. विरार फास्टमध्ये बसून एखादी ताई फोनवर बोलतेय. गाडी धावतेय, आणि दर थोड्या अंतरावर तिचा कॉल एका टॉवरच्या हातून दुसऱ्याच्या हातात जातोय. पुढच्या टॉवरवर जागाच नसली तर? कॉल तुटेल, म्हणजे भरल्या ताटावरून उठवणं. म्हणून टॉवर थोड्या हाका आणि थोडी जागा नव्या माणसांना देतच नाही. सातपैकी सहा वाटा भरल्या आणि एकच उरली, की कुणी नवा कॉल करू लागला तर त्याला सरळ “नाही” सांगतो. ती एक वाट शेजारून बोलत येणाऱ्यासाठी. कधी कधी असं होतं, की जागा रिकामी असते आणि तरी तुम्हाला नकार मिळतो! अन्याय वाटतो खरा. पण गाडीतल्या ताईच्या जागी आपण असलो, की लगेच पटतं.

गाडीच्या बाबतीत आणखी एक लफडं असतं. खिशात गप्प पडलेले फोनही झोपलेले नसतात. एका विभागातून दुसऱ्या विभागात शिरले, की “मी आता इकडे आलो, कुणाचा फोन आला तर इथं शोधा” असं नेटवर्कला कळवतात. भरलेली लोकल ती हद्द ओलांडते तेव्हा डब्याडब्यातले फोन जवळजवळ एकाच वेळी हाका मारायला लागतात. कुणी बटणाला हातसुद्धा लावलेला नसतो.

४जीत आणि ५जीत सात वाटा वगैरे राहिलं नाही. सगळ्यांचं बोलणं, फोटो, गाणी, रील्स छोट्या छोट्या पुडक्यांत बांधून पाठवली जातात आणि ४जीचा टॉवर दर मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदातून हजार वेळा, आता कुणाचं पुडकं आधी, हे ठरवतो. पण पुडक्या-पुडक्यांत फरक आहे. तुमचा आवाज २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापून पाठवतात. त्याला उशीर चालत नाही. १०० मिलिसेकंदांच्या आत पोचलं पाहिजे, नाहीतर समोरचा “हॅलो, हॅलो” करत बसतो. शंभरातलं एखादं पुडकं हरवलं तर मात्र काही बिघडत नाही, कानाला पत्ताही लागत नाही. आजीनं पाठवलेल्या फोटोचं उलट. त्याला ३०० मिलिसेकंद लागले तरी कोण विचारतंय? पण त्यातलं पुडकं हरवलेलं चालत नाही. तिथं मर्यादा दहा लाखांत एक अशी आहे. व्हिडिओ गेमला आवाजाहूनही जास्त घाई, फक्त ५० मिलिसेकंद. हे आकडे मनातले नाहीत, ४जीच्या नियमावलीत लिहिलेले आहेत. म्हणूनच गर्दीत रील गोल गोल फिरत राहतं, आणि त्याच फोनवरून बोलणं मात्र नीट चालतं.

शिवाय टॉवरपासून लांब असलेला फोन जास्त जागा खातो, हेही लक्षात ठेवावं लागतं. जवळच्या फोनला एका झटक्यात सहा बिट देता येतात, लांबच्याला ते धड ऐकू येत नाहीत म्हणून दोन-दोन करून द्यावे लागतात. गाणं तेच, पण टॉवरचा वेळ तिप्पट. आत घ्यायचं की नाही ठरवताना हाही हिशेब असतो. आणि प्रत्येक जोडणीला एक ते पंधरा असा मानाचा क्रमांक असतो, एक सगळ्यांत मोठा. अगदीच दाटी झाली तर मोठ्या मानाच्या जोडणीसाठी छोट्या मानाच्या जोडणीला खरोखरच ताटावरून उठवलं जातं.

मान कुणाला? पहिला मान ११२ ला. जिवावर बेतलेल्या माणसाला रांगेत उभं करायचं नाही, हा नियम जगभर पाळतात. फोनवर कधी “फक्त इमर्जन्सी कॉल” असं दिसतं, तेव्हा बहुधा आसपास दुसऱ्या कंपनीचा टॉवर असतो. एरवी तो तुम्हाला दारात उभं करत नाही, पण ११२ लावलात तर आत घेतो. (म्हणून गंमत म्हणून ११२ लावायचा नाही. खरंच.)

आता मला सगळ्यांत जास्त आवडलेली गोष्ट. तुमच्या घरातल्या प्रत्येक सिमकार्डावर शून्य ते नऊपैकी एक आकडा गुपचूप लिहिलेला असतो. त्याला वर्ग म्हणतात, पण त्याचा पहिली-दुसरीशी संबंध नाही. गर्दी हाताबाहेर जायला लागली की टॉवर आपल्या बडबडीतच सांगतो: आता ० ते ४ वर्गांनी हाका मारायच्या नाहीत. तुमच्या सिमचा वर्ग ३ असेल, तर बटण दाबूनही तुमचा फोन हूं की चूं करत नाही. टॉवरनं तुम्हाला नकार दिलेलाच नसतो, तुमच्याच फोननं हाक गिळलेली असते! थोड्या वेळानं टॉवर ५ ते ९ ला गप्प करतो आणि ० ते ४ ची पाळी येते. पोलीस, रुग्णवाहिका अशा खास कामांच्या सिमांसाठी ११ ते १५ असे वेगळे वर्ग असतात.

४जीनं यात आणखी सुधारणा केली. टॉवर एक आकडा जाहीर करतो, समजा अर्धा. कॉल करायच्या आधी फोन मनातल्या मनात शून्य ते एकमधला कुठला तरी आकडा काढतो. अर्ध्याहून लहान आला तर हाक मारतो, नाहीतर थांबतो. किती थांबायचं, तेही टॉवरनं सांगितलेलं असतं, ४ सेकंदांपासून ५१२ सेकंदांपर्यंत. म्हणजे तुम्ही “लाग ना रे!” म्हणून फोन हलवत असता, आणि आत तो तुमच्याच नावानं दान टाकत बसलेला असतो.

तर गर्दीत चुकामूक झाली, कॉल लागेना, तर काय करायचं? साधा एसएमएस. तो इतका चिमुकला असतो, की त्याला कॉलसारखी वाट अडवून बसावं लागत नाही, सूचना आणि हाकांच्या वाटेवरूनच तो सटकतो. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजीत लिहिलं तर १६० अक्षरं, मराठीत ७०. कारण मराठीचं प्रत्येक चिन्ह दोन बाइट घेतं आणि काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला पाय मोडायची खूण, दोन शब्दांमधली जागा, सगळं वेगळं मोजलं जातं. “स्टेशनबाहेर घड्याळाखाली उभा आहे. भूक लागली.” मोजून बघा, ४३ भरतात. उरली २७. त्यात “दोन वडापाव घेऊन या.” हे आरामात बसतं.